सात तारखेचा खाऊ

आमच्या घरात कॅलेंडरवरच्या एक तारखेला कुणी विचारत नसे. महिना उजाडायचा तो सात तारखेच्या संध्याकाळी. अण्णा कामावरून आले की हातपाय धुऊन आधी पगाराचं पाकीट देवापुढे ठेवायचे. उदबत्ती अर्धी जळेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. मग आई ते उचलायची आणि माझ्या हातात द्यायची. तिचं शिक्षण चौथीपर्यंत, बारीक अक्षर लागायचं नाही, म्हणून वाचायचं काम माझं.

खाकी पाकीट, पोस्टकार्डाहून जरा लहान. वर अण्णांचं नाव आणि टोकन नंबर. खाली दोन रकाने. डावीकडे मूळ पगार, महागाई भत्ता, ओव्हरटाइम. उजवीकडे फंड, ई.एस.आय., सोसायटी, उचल. मी खडा आवाज काढून वाचायची, पण ‘उचल’ आली की आवाज आपोआप खाली यायचा. दहा वर्षांच्या मला त्या शब्दाचा नेमका अर्थ कुणी सांगितला नव्हता. मागच्या महिन्यात आजीला दवाखान्यात ठेवलं होतं, आणि आता या रकान्यात पन्नास रुपये दिसताहेत, एवढं मात्र जुळवता येत होतं.

मग चटईवर वाटे पडायचे. वाण्याचा, घरभाड्याचा, दुधाचा, भिशीचा, गावी आजोबांना मनीऑर्डर करायचा. नोटा संपल्या की पाकीट उलटं करून आई झटकायची. चिल्लर पडायची, ती आमची. दादाला दोन रुपये, मला एक, धाकट्याला एक. माझा रुपया ती मुद्दाम चार चाराण्यांत द्यायची. महिन्याचे आठवडे चार, चाराणेही चार.

ही गोष्ट १९८४ ची, ठाण्याच्या किसननगरमधल्या दहा बाय बाराच्या खोलीतली.

सात तारीख ही काही आमच्या कंपनीच्या मालकाची लहर नव्हती. १९३६ च्या पगारवाटपाच्या कायद्यात ते लिहिलेलं होतं: हजारापेक्षा कमी कामगार असतील तर महिना संपल्यावर सात दिवसांत पगार, त्याहून मोठा कारखाना असेल तर दहा दिवसांत. वागळे इस्टेटमध्ये बहुतेक शेडी लहान, त्यामुळे अख्ख्या वस्तीची सात तारीख एकच. एमआयडीसी हे महामंडळ १ ऑगस्ट १९६२ ला स्थापन झालं आणि त्याची पहिली औद्योगिक वसाहत ही आमची. रस्त्यांना नावं नव्हती, नंबर होते. अण्णा साताऱ्याहून १९६५ साली आले ते रोड नंबर १६ वरच्या एका शेडमध्ये हेल्पर म्हणून लागले आणि तिथेच टर्नर झाले. त्यांच्या सदऱ्याला कूलंटचा वास यायचा. माझ्या चाराण्यालाही तोच वास आहे, असं मला वाटायचं. खरंच येत असेल की नाही ते देव जाणे, पण मी नाणं हुंगून बघायची एवढं नक्की आठवतं.

सात तारखेला इस्टेटीतून वस्तीकडे येणाऱ्या रस्त्यावर खाऊवाले बरोबर पाच वाजता येऊन उभे राहायचे. भुईमुगाच्या शेंगा, केळी, जिलबी, प्लास्टिकची खेळणी. उरलेल्या दिवशी त्यातले निम्मे दिसायचे नाहीत. त्यांनाही कायदा पाठ होता.

चाराण्यात काय यायचं, हे आज मुलांना सांगायला गेलं तर यादीच होते आणि यादीला चव नसते. म्हणून एकच सांगते. शाळेच्या फाटकाबाहेर एक मावशी गोणपाट टाकून बसायच्या. पुढ्यात चन्यामन्या बोरं, विलायती चिंचा, राय आवळे, कैरीच्या फोडी. दहा पैशांचं काही घेतलं की जुन्या वहीच्या कागदाचा शंकू वळायच्या आणि वरून तिखटमीठ भुरभुरवायच्या. खाऊन झाल्यावर तो कागद उलगडायचा आणि त्यावरचं अर्धं गणित सोडवायचं हा माझा आणि माझ्या मैत्रिणीचा खेळ. कुणाच्या तरी वहीतलं चुकलेलं उत्तर, त्यावर बाईंची लाल काट आणि त्यावर तिखटाचे डाग. चाराण्यातले पंधरा पैसे उरायचे. त्यातले पाच वाण्याकडे रावळगावच्या गोळीला आणि दहा पुढच्या दिवसाला. उन्हाळ्यात ते दहा पेप्सीला जायचे. पेप्सी म्हणजे प्लास्टिकच्या नळीत गोठवलेलं रंगीत पाणी, त्या नावाच्या कंपनीशी त्याचा काही संबंध नव्हता.

नाणीही मुलांच्या हाताच्या मापाची होती. पाच पैसे चौकोनी, कोपरे गोलसर. दहा पैसे फुलासारखे लाटालाटांचे. १९८२ पासून वीस पैसे षट्कोनी. अंधारात खिशात हात घातला तरी बोटांना कळायचं किती आहेत ते. जुना अॅल्युमिनियमचा एक पैसा तर इतका हलका, की ताटातल्या पाण्यावर अलगद ठेवला तर तरंगायचा. त्याला विकत काहीच मिळेनासं झालं होतं, तेव्हा तो आमच्याकडे त्याच कामाला होता.

चाराण्याचं काय केलं हे आई कधीच विचारत नसे. आज विचार करते तेव्हा मला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. पाकिटातल्या प्रत्येक पैशाचा हिशेब ती तोंडपाठ सांगू शकायची, पण आमच्या मुठीत गेलेलं नाणं तिच्या हिशेबातून सुटायचं. पोटात दुखलं तर ‘काय खाल्लंस गं बाहेर?’ एवढाच प्रश्न. धाकट्याने पूर्ण महिन्याचा रुपया एकाच दिवशी भाड्याच्या सायकलवर उडवला, गुडघा फोडून आला. आई हळद लावत होती, पण ‘रुपया गेला ना रे’ असं म्हणाली नाही. उरलेले तीन आठवडे तो आमच्याकडे आशेने बघत राहिला. मी एक गोळी दिली. दादाने दिली नाही.

दादाला दोन रुपये का, हे मी एकदा विचारलं होतं. ‘तो मुलगा आहे, चार पोरांत जातो,’ आई म्हणाली. मला राग आला, पण माझ्या मैत्रिणीला घरून काहीच मिळत नव्हतं आणि तिच्या भावाला मिळत होतं, म्हणून मी गप्प बसले. जुन्या दिवसांबद्दल कुणी डोळे भरून बोलायला लागलं की मला ही चटई आठवते. त्या चिल्लरीचे वाटे सारखे नव्हते.

माझा दुसरा रुपया मी मिळवला तो वॉशरमधून. वागळे इस्टेटच्या आसपासच्या चाळींमध्ये तेव्हा बायका घरी काम आणायच्या. कुणी पाकिटं चिकटवायच्या, कुणी प्लास्टिकच्या बटणांची कड घासायच्या. आमच्याकडे रबरी वॉशर यायचे. साच्यातून निघालेल्या वॉशरला भोवती पातळ रबराची झालर असते आणि मधल्या भोकात एक पडदा. लहान कात्रीने झालर गोल फिरवत कापायची, पडदा पिनेने उडवायचा. कात्री जरा आत गेली की वॉशर रद्द, आणि रद्द झालेला मोजणीत धरत नाहीत. एकशे चव्वेचाळीस झाले की एक ग्रोस. ग्रोसला वीस पैसे. ठेकेदाराचा माणूस शनिवारी यायचा, वॉशरची मूठ उचलून उजेडाकडे धरायचा आणि दोन-चार बाजूला फेकायचा.

शाळेतून आल्यावर मी आईशेजारी बसून रोज एक ग्रोस कापायची. बोटांची टोकं काळी व्हायची, जेवताना भाताला रबराचा वास लागायचा. आईने ठरवलं होतं, माझ्या ग्रोसमधले पाच पैसे माझे. आठवड्याला तीस पैसे! चाराण्यापेक्षा जास्त. पावडरच्या रिकाम्या डब्यात मी ते टाकायची. दादाचे दोन रुपये चिल्लरीतून यायचे, माझे कात्रीतून, म्हणून ते मला जास्त जवळचे. लहान मुलीने असं काम करावं असं मी आज मुळीच म्हणणार नाही. माझ्या उजव्या अंगठ्याच्या पेरावर कात्रीचा वण अजून आहे. पण त्या डब्यातून दिवाळीला जांभळी नाक्यावर जाऊन मी किल्ल्यासाठी शिवाजी महाराज आणले, सिंहासनावर बसलेले. दादाच्या मित्रांना सांगितलं, ‘महाराज माझे आहेत, हात लावायचा असेल तर विचारून.’ त्या वर्षी किल्ल्यावर पाणी कुणी घालायचं हेही मीच ठरवलं.

दिवाळी म्हणजे बोनस. कायद्याने किमान ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या शेवटी जवळजवळ एका महिन्याचा जादा पगार. लवंगीच्या माळा, नागगोळ्या, टिकल्यांचे रोल, एकाच ताग्यातून शिवलेले तिघांचे कपडे, सगळं त्या टक्क्यांवर. १९८२ साली लालबागचे माझे मावसभाऊ दिवाळीला आमच्याकडे आले होते. १८ जानेवारीला गिरणी संप सुरू झाला होता, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर होते, आणि मावशीच्या घरी दहा महिने पाकीट आलं नव्हतं. मी तेव्हा आठ वर्षांची. आईने आमच्या खाऊचे पाच भाग केले. एका मावसभावाने चाराणे घेतले आणि दुकानात न जाता ते तसेच मुठीत धरून झोपला. सकाळी त्याच्या तळव्यावर नाण्याचा गोल ठसा होता.

आमची पाळी १९८६ मध्ये आली. कंपनीचं नाव लिहीत नाही, ती आता नाही आणि मालकही नाहीत. मार्चमध्ये पगार दहा दिवस उशिरा झाला, मेमध्ये अर्धा. जुलैच्या सात तारखेला अण्णा नेहमीच्या वेळी आले, हातपाय धुतले, देवापुढे गेले आणि नमस्कार करून तसेच परतले. पाकीट नव्हतं. फाटकाला टाळं लागलं होतं. आई उठली आणि तिने रोजच्यासारखी उदबत्ती लावली.

आम्ही तिघांनी खाऊचे पैसे मागितले नाहीत. आपसांत बोलणंही झालं नाही. दोन वर्षं मी तो उजवा रकाना मोठ्याने वाचला होता, दादा आणि धाकट्याने ऐकला होता. पैसा कुठून येतो हे आम्हाला शिकवावं लागलं नाही, तसं तो यायचा कधी थांबतो हेही. दादाने दहावीच्या सुट्टीत वायरिंगचं काम धरलं. अण्णा पुढे चार-पाच लहान वर्कशॉपमध्ये हातावर पोट घेऊन राहिले.

यंदा गणपतीनंतर मी या लेखासाठी चार-पाच दिवस जुन्या भागात फिरले. रोड नंबर १६ वर काचेच्या इमारती आहेत, गळ्यात कार्ड लटकवलेली मुलंमुली चहाला खाली उतरतात. ज्या शेडींमधून लेथचा आवाज यायचा त्यातल्या कितीतरी जागी आता संगणक आहेत. किसननगर मात्र तसंच गच्च, फक्त वर वर चढलेलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानात मी संध्याकाळी तासभर बसले. बरणीच्या शेजारी क्यूआर कोडचा फलक आणि पैसे आल्याचं बोलून सांगणारा डबा. सहावीतला मुलगा आईचा फोन घेऊन आला, दहा रुपयांचे चिप्स घेतले, फोन धरला. डबा बोलला. मुलगा जायच्या आत वरच्या मजल्यावरून हाक आली, ‘फक्त एकच घे!’

‘नाणी येतच नाहीत हो ताई,’ दुकानदार म्हणाले. ‘पूर्वी पोरं मूठ उघडायची, आम्ही मोजायचो. आता पोरांना किंमत विचारायलाही लागत नाही, स्कॅन करतात.’ पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी जून २०११ अखेर चलनातून बाद झाली. त्या पैशांना मिळणारी गोळीही बदलली. रावळगावच्या गोळ्यांची नावं २०२४ च्या फेब्रुवारीत सत्तावीस कोटींना रिलायन्सकडे गेली. ज्या गोळीला मी पाच पैसे मोजले तिच्या नावाची ही किंमत वाचून मी पेपर बाजूला ठेवला आणि थोडा वेळ नुसतीच बसले.

दुकानाबाहेर रिक्षा लावून एक जण चहा पीत होते. त्यांचा मुलगा पाचवीत. ‘रोज दहा रुपये देतो,’ ते म्हणाले. ‘पण भाडंही आता फोनवर येतं. रात्री पोराला द्यायला दहाची नोट शोधावी लागते.’ मुलाला तुमचा धंदा किती झाला ते कळतं का, असं मी विचारलं. ते हसले. ‘पूर्वी मी रात्री गल्ला मोजायचो तेव्हा तो मांडीवर बसायचा. आता काय मोजणार? मोबाईलमध्ये आकडा असतो, मी बघतो आणि ठेवून देतो.’

त्याच संध्याकाळी तीन हात नाक्याजवळच्या एका उंच इमारतीत मी एका आईशी बोलले. त्या रोड नंबर २२ जवळच्या कंपनीत आहेत, मुलगी नववीत. महिन्याला हजार रुपये, मुलीला आणि तिच्या भावाला सारखेच. मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला. मुलीचं बँकेत स्वतःचं खातं आहे. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः खातं चालवता येईल अशी सोय रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये केली आणि २०२५ मध्ये नियम पुन्हा नीट लिहिले. यूपीआय २०१६ चं. २०२४ च्या ऑगस्टपासून तर आपल्या खात्यातून घरातल्या दुसऱ्याने महिन्याला पंधरा हजारांपर्यंत खर्च करावा अशी मुभाही देता येते. ‘मला सगळं दिसतं,’ त्या फोन दाखवत म्हणाल्या. ‘चार वाजून दहा मिनिटांनी पाणीपुरी, साठ रुपये. सहाला स्टेशनरी.’ मुलगी शेजारी बसली होती. तिने मान खाली घातली. तिने काही चुकीचं केलं नव्हतं, तरीही.

मी तिला विचारलं, आईचा पगार कुठल्या तारखेला होतो? तिला माहीत नव्हतं. किती, तेही नाही. कापून किती जातो, कर्जाचा हप्ता किती, यातलं काहीच नाही. आई म्हणाल्या, ‘त्या वयात कशाला ते टेन्शन?’ त्यांच्या म्हणण्यात माया होती आणि मी वाद घातला नाही.

घरी येताना रिक्षात मला ते कळलं, जे चाळीस वर्षांत नीट कळलं नव्हतं. आम्हाला आईबापांची कमाई पैपैशाने दिसायची आणि आमचा खर्च त्यांना दिसत नसे. आता लेकरांचा खर्च मिनिटामिनिटाने दिसतो आणि आईबापांची कमाई लेकरांना दिसत नाही. हजार रुपये चाराण्याहून कितीतरी मोठे आहेत, पण त्या मुलीला मूठ झाकता येत नाही. आणि मूठ झाकून केलेल्या चुकांतूनच तर धाकटा शिकला, की सायकलवर गेलेला रुपया तीन आठवडे छळतो.

मुलं गेममध्ये पैसे घालवतात, असं सगळे सांगतात. मलाही एका सातवीतल्या मुलाने त्याच्या खेळातल्या सैनिकाचा लाल अंगरखा दाखवला, दीडशे रुपयांचा. मला तो बघून वाईट वाटलं नाही. धाकट्याने बबलगमच्या वेष्टनातले क्रिकेटवाले जमवले होते, खाण्यासाठी नव्हे, चित्रांसाठी. गम तर तो मला द्यायचा. अंगरखा लाल का घेतलास, विचारल्यावर त्या मुलाने दहा मिनिटं समजावून सांगितलं. त्याने विचार करून घेतला होता.

अण्णा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. फंडाच्या १९९५ च्या योजनेतली पेन्शन मिळते, हजाराच्या थोडी वर. २०१४ पासून हजार रुपये ही तिची किमान रक्कम आहे, म्हणजे ते किमानाच्या जरासे पुढे आहेत. दर महिन्याला ते स्वतः बँकेत जातात, मशीनमधून काढायला तयार होत नाहीत. खिडकीवर रांग लावून नोटा घेतात, घरी येऊन देवापुढे ठेवतात, आणि माझ्या मुलीला वीस रुपये देतात. तिला त्या विसांची काही गरज नाही. ती नोट घडी घालून एका डब्यात टाकते.

श्रावणात एकदा तिने विचारलं, ‘आजोबा, तुम्हाला किती मिळतात?’ त्यांनी आकडा सांगितला. लपवायची त्यांना सवयच नाही. गोळ्यांचे किती, तेही सांगितलं. ती बोटांवर काहीतरी करत बसली. पुढच्या महिन्यात ते बँकेतून आले, उदबत्ती लावली, नोट पुढे केली. तिने डब्यातून दहाची नोट आणली आणि त्यांच्यासमोर धरली.

‘आजोबा, मला दहाच द्या.’

अण्णा चिडले. इतके की चष्मा काढून ठेवला. ‘खाऊचे पैसे परत करत नसतात,’ ते म्हणाले. ‘कुठे खर्च केलेस ते मी विचारतो का? मग मी कुठून देतो ते तू कशाला विचारतेस?’ मग थोड्या वेळाने चष्मा लावला आणि तिला जवळ बोलावलं. बँकेचं पासबुक उघडलं, आणि म्हणाले, ‘बरं, बस. हे वाच. मोठ्याने वाच.’